चिरंजीवांचा टप

दि. ३ मार्च

बाबा,

नमस्कार, आणि तो फोन आता खरंच माळ्यावर टाका. काल "जेवलात का" या प्रश्नाला तुम्ही "हो, इथं पाऊस नाही" असं उत्तर दिलंत. कारखान्याच्या बॉयलरनं तुमचे कान खाल्ले याचं वाईट वाटतं. पण पत्रात मला जे लिहिता येतं ते फोनवर, शेजारच्या खोलीत तुमचा मुलगा बसलेला असताना, बोलता आलं नसतं. तेव्हा पत्रच बरं.

तर बातमी अशी. चिरंजीवांनी पिकअप घेतली हे मागे कळवलंच होतं. आता तिला कॅनोपी बसवायची आहे. कॅनोपी म्हणजे मागच्या उघड्या हौद्यावर बसवायचं फायबरचं झाकण. बाजूला काचा, मागे वर उचलायचं दार. रस्ता सोडून डोंगरात, ओढ्यात, दगडधोंड्यात गाड्या घालणाऱ्यांचा एक क्लब आहे आणि हे त्याचे सभासद झाले आहेत. त्या मंडळींच्या गाड्यांवर अशी झाकणं असतात. आत गादी, शेगडी, पाण्याचे डबे. आमच्या हौद्यात आजवर चढलेलं सगळ्यात अवघड सामान म्हणजे इस्त्रीचे कपडे.

दिवसभर चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत बसून "हे स्पष्ट की ते स्पष्ट" असं विचारणारा माणूस आहे हा. परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथं तो वर्षानुवर्षं खड्डा आहे, तिथंच चाक घालून बंपर खरवडून आणला. सगळ्यांना नंबर काढून देतात, स्वतःला खड्डा दिसत नाही.

रोज संध्याकाळी टेप घेऊन हौदा मोजतात. कालच्यापेक्षा लांबी कमी भरली की परत मोजतात. मी खिडकीतून बघते. दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून घरी येणाऱ्या बाईला एवढी करमणूक पुरते.

तुमच्या गुडघ्याचे व्यायाम चालू आहेत का? खोटं लिहू नका, मला कळतं.

तुमची सूनबाई

---

दि. ९ मार्च

सूनबाई,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, मला ऐकू यावं म्हणून.

कॅनोपी कसली डोंबलाची. त्याला टप म्हणतात. आमच्या कारखान्याच्या गाडीला ताडपत्रीचा टप होता, दोन माणसं तो बसवायची आणि त्यानंतर त्याविषयी कुणी बोलायचं नाही.

तुझ्या नवऱ्याची हौस नेहमी दुकानातून येते आणि माळ्यावर जाते. पोहायला जातो म्हणून चष्मा आणला, टोपी आणली, पाणी तेवढं राहिलं. आठवीत सायकलचं चाक उघडलं, ते अजून बंद व्हायचं आहे. मी हातातून पाना काढून घेतला की त्याची आई म्हणायची, "राहू द्या हो, करू दे त्याला." राहू देत देत गडी चाळिशी ओलांडून गेला.

हा रस्ता सोडून गाडी चालवणार? हा रस्त्यावर असतो तेव्हाच रस्ता सोडून असतो. आणि हाताला हाड म्हणून नाही. पाना धरतो तेव्हा नट आवळतोय की नटाची समजूत काढतोय, तेच कळत नाही.

तपशील लिहीत जा. इथं एकट्या म्हाताऱ्याला दुसरा विरंगुळा नाही.

व्यायाम चालू आहेत.

बाबा

---

दि. २२ मार्च

बाबा,

नटाची समजूत वाचून दवाखान्यात इतकी हसले की टेबलावरच्या पेशंटला वाटलं, त्याच्या गुडघ्याला हसते आहे. फी न घेता सोडावं लागलं असतं.

टप आला. गेले आठ दिवस अंगणात उलटा पडून आहे. शेजारीण विचारून गेली, "मोठा टब घेतलात का आंघोळीचा?" रंग गाडीसारखाच पांढरा मागवला होता. आला तो दुधात थोडा चहा पडल्यासारखा. चिरंजीव म्हणाले, "उन्हात जुळेल." मी म्हटलं, बरं, आपलंही तसंच जुळलं असेल.

सोबत आलेलं माहितीपत्रक ते उशाशी घेऊन झोपतात. काल जेवताना मला व्याख्यान मिळालं. खडबडीत जागी एक चाक वर, एक खाली होतं, तेव्हा म्हणे गाडीचं अंग पिळवटतं. लोखंड पिळवटून परत सरळ होतं, फायबरला ते जमत नाही. म्हणून टप हौद्याला जखडून ठेवायचा नाही. खाली रबराची पट्टी, मग चार कोपऱ्यांना चार क्लॅम्प, नट हातानं बसेल तेवढा बसवायचा आणि पान्यानं वर अर्धा आटा. बस्स. मी म्हटलं, "अर्धा आटा हे तुझ्या आयुष्याचंच ब्रीद आहे." त्यावर हसले आणि आमटी वाढून घेतली. यांना टोचलेलं कळतं की नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला सांगता येणार नाही.

चार तारखेला, शनिवारी बसवायचा आहे. फिटर येणार आहे. माझी नेमकी ड्युटी आहे, म्हणजे सगळा तमाशा हुकणार. तुम्ही या. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मला सगळं सविस्तर लिहा. संध्याकाळी मी घरी असेन, पण त्यांच्यासमोर आपल्याला कुठं बोलता येतं.

सूनबाई

---

दि. ५ एप्रिल

सूनबाई,

काल संध्याकाळी तू "कसं झालं" विचारलंस आणि मी "छान" म्हटलं, ते त्याच्यासमोर. आता खरं ऐक.

फिटर म्हणजे उंच, वाकलेला आणि तोंडात कायम स्क्रू धरणारा माणूस. स्क्रू न काढताच बोलतो. त्याचं मला कळत नव्हतं, माझं तो ऐकत नव्हता, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मध्ये चिरंजीव माझ्या कानात ओरडून दुभाष्याचं काम करत होते.

आधी हौद्याची कड पुसली. मग परत पुसली. मग बोट फिरवून बोटाकडे पाहिलं आणि परत पुसली. बोहल्यावर तुझं तोंड एवढ्या प्रेमानं पाहिलं नसेल. मग रबराची पट्टी चिकटवली. दोन शेजारी बोलावून टप उचलला, ठेवला, काढला, बोटभर सरकवून परत ठेवला. गाडीच्या केबिनपासून सगळीकडे सारखं अंतर हवं म्हणे. एक शेजारी म्हणाला, "मला ऑफिस आहे."

क्लॅम्प चिरंजीवांनी स्वतः लावायला घेतले तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अजून आवळ."

तो म्हणाला, "एवढंच पुरे, बाबा. वर थोडी ढील हवी."

मी म्हटलं, "ढील पतंगाला देतात."

फिटर हसला, तोंडातला स्क्रू गवतात पडला, मग तो शोधण्यात काही वेळ गेला. हे असं काम. मी बॉयलरवर उभा असायचो तेव्हा एक नट सैल राहिला तर काय व्हायचं हे या लोकांना कुणी सांगायचं?

पुढे दोघं चहाला आत गेले. मी अंगणातच थांबलो. कामाशी कुणीतरी थांबायला हवं. सगळे नट एकदा नजरेखालून घातले.

एकूण काय, टप बसला. लांबून बघितलं तर पावाच्या लादीवर उलटं पातेलं ठेवल्यासारखं दिसतं. जवळून बघू नये.

बाबा

---

दि. १९ एप्रिल

बाबा,

पातेलं फुटलं.

काल क्लबाबरोबर पहिली स्वारी होती. पहाटेपासून तयारी. गादी, डबे, दोर, फावडं, मलमपट्टी. क्लबाचा म्होरक्या आहे, सगळे त्याला कप्तान म्हणतात, आधी दातांचा डॉक्टर होता. त्याच्यामागून सगळे कोरड्या ओढ्यात उतरले. उतरताना आमची गाडी तीन चाकांवर तोललेली होती, त्याचा फोटोही आहे. फोटोत चिरंजीव इतके खूश दिसतात की ओळखू येत नाहीत.

संध्याकाळी आले ते गाडीतून उतरून मागेच उभे. मी गेले. उजव्या मागच्या कोपऱ्यात, क्लॅम्पच्या बरोबर वर, हातभर लांब तडा. ते त्यावर बोट ठेवून उभे होते.

"काय झालं?"

"चुकलं माझं," म्हणाले. एवढंच.

ढिला राहिला आणि हादऱ्यानं तडकला असणार, तुम्ही म्हणाला होतात तसंच. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. दीड महिना घरात या झाकणाशिवाय विषय नाही आणि ते एका दिवसात फुटतं. जेवताना मी बोलले. बरंच बोलले. बोलता बोलता मी म्हणून गेले, "तू नट आवळत नाहीस, तू नटाची समजूत काढतोस."

त्यांनी घास खाली ठेवला. "हे बाबांचं वाक्य आहे," म्हणाले.

"काहीतरीच. मला सुचलं."

"नाही. मी नववीत होतो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या गल्लीसमोर." मग विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"बरं," म्हणाले. राहिलेलं जेवले, ताट धुतलं, ओटा पुसला आणि खोलीत गेले. ओरडले असते तर मला पुढे बोलता आलं असतं.

तुम्हाला म्हणून लिहिते, मला ते ताट धुणं आवडलं नाही.

सूनबाई

---

दि. २४ एप्रिल

सूनबाई,

मी सांगितलं होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं. ढिला ठेवला की हलणार, हलला की फुटणार. आणि फायबर म्हणजे तरी काय, रंग दिलेलं अंड्याचं टरफल. त्यात बसून हा डोंगर जिंकणार होता.

त्या वाक्याचं म्हणशील तर वाक्य माझंच आहे. ज्याला लागू पडतं त्याला लागलं, यात वाक्याचा काय दोष? माझ्या बापानं मला याहून वाईट ऐकवलं आहे आणि मी बॉयलरवर चढलो, रुसून खोलीत गेलो नाही. चाळिशी उलटलेल्या माणसानं बापाच्या एका वाक्यावर जेवण थांबवायचं म्हणजे फार झालं. ताट धुतलं हे मात्र चांगलं केलं.

"किती दिवस चाललंय" म्हणजे काय? आपण काय चोरी करतो? सासरा सुनेला पत्र लिहितो.

तू उगाच मऊ पडू नकोस. तुम्हा दोघांत तूच एक शहाणी आहेस असं मी धरून चाललो आहे.

फिटरला बोलावून नीट, घट्ट करून घ्या.

बाबा

---

दि. ६ मे

बाबा,

फिटरला बोलावलं. तोंडातला स्क्रू काढून तो जे बोलला ते शब्दशः लिहिते, कारण तुम्हाला तपशील आवडतो.

मी म्हटलं, "ढिला राहिला ना हो?"

तो म्हणाला, "ढिला? बाई, हे तीन कोपरे बघा, बरोबर आहेत. हा चौथा बघा. रबर चेपून कागद झालंय. गाडी पिळवटली तेव्हा तीन कोपरे हलले, याला हलताच आलं नाही. तडकणार नाही तर काय करणार? मी याला हात लावला नव्हता. कुणी आवळला हा?"

तो तिथंच उभा होता, तुमचा मुलगा. म्हणाला, "मीच आवळला असेन."

फिटरनं त्याच्या हातांकडे पाहिलं आणि हसला. "तुम्ही?" म्हणाला.

बघा, बाबा. तुम्ही आणि मी मिळून त्याची काय किंमत करून ठेवली आहे. एखादी गोष्ट आपण बिघडवली असं तो म्हणाला तर परका फिटरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

त्या शनिवारी चहाला दोघं आत गेले आणि अंगणात एकच माणूस थांबला. हे मला कुणी सांगितलं नाही, तुम्हीच लिहिलंत. कामाशी कुणीतरी थांबायला हवं, हेही तुम्हीच लिहिलंत. नजरेखालून घातले म्हणालात. तुमच्या नजरेत बराच जोर आहे. नटाची समजूत काढणाऱ्याचे तीन कोपरे शाबूत आहेत आणि बॉयलरवाल्याचा एक फुटला. पस्तीस वर्षं तुम्ही एकच शहाणपण शिकलात आणि ते लोखंडाचं. दुसरी कुठली वस्तू हातात आली की तिलाही लोखंडासारखी पिळायची. वस्तूच असं नाही.

त्यानं तडा तात्पुरता भरून घेतला आणि गेल्या गुरुवारी रजा टाकून एकटा गेला. क्लब नाही, कप्तान नाही. "सोमवारी दुकान उघडायचं आहे," म्हणाला. आज बुधवार आहे. फोन लागत नाही. दुकानाच्या दारातून लोक परत जातात आणि येऊन माझ्याकडे चष्मे मागतात.

मला काळजी वाटत नाही. तुमच्या पत्राचं उत्तर राहिलं होतं म्हणून लिहिलं.

सून

---

दि. ११ मे

सूनबाई,

आला का?

पत्र आज मिळालं. फिटरनं काय म्हटलं आणि तू काय म्हटलंस ते वाचलं. फिटर काहीही म्हणतात, चूक गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली की ते मोकळे. त्याविषयी पुढे बोलू.

एकट्यानं जाऊ का दिलंस? ज्याला गल्लीतला खड्डा दिसत नाही त्याला ओढ्यात पाठवायचं हे तुला सुचलं कसं? पाणी किती नेलं होतं? फावडं नेलं होतं का? कप्तान म्हणवणाऱ्या त्या दातवाल्याला सांग, चार गाड्या घे आणि शोधायला नीघ. दात काढायचे दिवस नाहीत हे.

शेजारच्या बाईंना तुझ्या नंबरवर फोन लावायला सांगितलं. लागला, पण मला काही ऐकू आलं नाही आणि त्या बाई जे सांगत होत्या ते मला पटेना. त्या म्हणतात आला. त्यांना नीट ऐकू येत नाही.

तू स्वतः लिही. तुझ्या अक्षरात.

बाबा

---

दि. १५ मे

बाबा,

शेजारच्या बाईंना नीट ऐकू येतं. आला. शुक्रवारीच आला, तुमचं पत्र मिळालं तेव्हा अंगणात गाडी धूत होता.

काय झालं ते सांगते. कोरड्या ओढ्यात पुढे वाळूचा पट्टा आहे, त्यात गाडी रुतली. चाकांची हवा कमी केली, फावड्यानं उपसलं, चाकाखाली चपटे दगड घातले, दगडच वाळूत गेले. मग गादी घातली. गादी फाटली, गाडी निघाली. ऊन चढलं की टपाखाली बसायचा, उतरलं की उपसायचा. मी म्हटलं, "म्हणजे इतके दिवस अडकला होतास?"

"दोन दिवस अडकलो होतो," म्हणाला. "बाकीचे नव्हतो अडकलो."

नाक सोललंय, नखं तुटली आहेत. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार, आणि टप यांच्यामध्ये फट राहते, तिच्यातून इतकी धूळ आत येते की भांडी, कपडे, पाव सगळं एकाच रंगाचं झालं होतं. हेही त्याला बसवताना कळायला हवं होतं. कळलं नव्हतं. म्हणजे तो काही पराक्रमी निघाला असं समजू नका. अर्धवट कामच करतो तो. पण करतो.

मी चार दिवस मनात भाषण घोळवून ठेवलं होतं. ते सुरू करायच्या आधीच त्यानं विचारलं, "बाबांना लिहिलंस?"

मी म्हटलं, "हो."

"काय लिहिलंस?"

या वेळी मी सांगितलं. मार्चपासूनचं सगळं. पातेलं, टब, पतंग, अर्धा आटा. तो ऐकत होता. दोन ठिकाणी हसलासुद्धा, पण चुकीच्या ठिकाणी, म्हणजे आपण हसलो होतो तिथं नाही. मग म्हणाला, "तू मला वेडा म्हण. रोज म्हण. पण माझ्या तोंडावर म्हण. त्या घरातून या घरात माझी चेष्टा टपालानं येते, ते मला चालणार नाही. यापुढे आली तर मी टपात राहायला जाईन, आणि ते तुम्हाला दोघांना विनोदी वाटेल, पण मी जाईन."

मला ते विनोदी वाटलं नाही.

तेव्हा हे त्याच्याविषयीचं माझं शेवटचं पत्र. तुमचा गुडघा, माझा दवाखाना, शेजारीण, यांच्याबद्दल मी आनंदानं लिहीन. त्याच्याबद्दल काही म्हणायचं असेल तर त्याचा पत्ता तुम्हाला माहीत आहे. याच घराचा आहे.

सूनबाई

---

दि. २३ मे

चि.

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तू समोर असायचास तेव्हा गरज नव्हती, नसायचास तेव्हा तुझी आई लिहायची. त्यामुळे कसं सुरू करतात ते पाहायला तुझ्या बायकोची पत्रं काढून बसलो, तर त्यात सगळी तुझीच निंदा. ती बाजूला ठेवली.

वाळूत गाडी रुतली की चाकाखाली गादी घालायची हे तुला कुणी सांगितलं? फळी न्यावी. साधी लाकडी फळी. एवढं सामान घेऊन जाणाऱ्याला फळी सुचत नाही आणि गादी सुचते, यावरून तुझी तयारी कळते. घरी सांगितल्या दिवशी परत यावं, हेही कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं. दुकान बंद ठेवून आठवडाभर वाळू उपसणारा माणूस मी आमच्या घराण्यात पाहिला नाही. तुझे आजोबा मूर्ख होते, पण घरी यायचे.

त्या टपाचं तुझी बायको काहीबाही लिहिते. फिटरनं एक सांगितलं, तिनं दुसरं धरलं. नट कुणी किती आवळला याचा आता कीस पाडण्यात अर्थ नाही. माणूस काम करताना पाहिलं की हात शिवशिवतो, एवढंच.

धुळीचं म्हणशील तर फाळक्याच्या कडेला आतून जाड रबर लाव. बॉयलरच्या दाराला लावायचो तसं. ते तुला एकट्याला जमेल असं वाटत नाही.

पुन्हा तिकडं जाणार असशील तर आधी कळव. मला इथं काम पुष्कळ आहे. तरी कळवून ठेवायला काय जातं?

तुझा बाप

---

दि. ३१ मे

बाबा,

पत्र मिळालं. तीन पानं आहेत, त्यातली अडीच माझी अक्कल काढण्यात गेली आहेत. इतकं सलग तुम्ही माझ्याशी यापूर्वी कधी बोलला नव्हता, म्हणून मी सगळं वाचलं.

नटाचा कीस पाडायला तुम्हाला नको आहे, मला थोडा पाडायचा आहे. त्या शनिवारी चहा ओटीवर नव्हता, स्वयंपाकघरात होता, आणि स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते. मी तुम्हाला पाहत होतो. तुम्ही पाना घेतलात, एकदा दाराकडे बघितलंत आणि तो कोपरा आवळलात. गुडघा टेकून, दोन्ही हातांनी, तोंड लाल होईपर्यंत. मला माहीत होतं की तो तिथंच फुटणार. एक हाक मारली असती तर झालं असतं. तुम्हाला ऐकू येत नाही हे खरं, पण तुमच्यापर्यंत चार पावलं चालता आलं असतं. तेही केलं नाही. नंतर ओढ्यात जायच्या आधी सैल करता आला असता. तोही केला नाही.

लहानपणापासून तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेता आणि मी बाजूला उभा राहतो. त्या दिवशीही राहिलो. म्हटलं, बघू या, बाबांचं बरोबर असेल. खरं म्हणजे तसंही नाही. म्हटलं, फुटू दे. एकदा तरी तुमच्या हातून फुटू दे आणि ते मला दिसू दे. फुटलं. बघून काही बरं वाटलं नाही. "चुकलं माझं" म्हणालो ते खोटं नव्हतं. ती समजते तसा मोठेपणाही नव्हता. तिला मी हे सांगितलं आहे. ती म्हणाली, "म्हणजे तीन शहाण्यांनी मिळून एक झाकण फोडलं." हे ती माझ्या तोंडावर म्हणाली.

तुमच्या मते मी मूर्ख आहे, माझ्या मते तुम्ही उद्धट आहात. हे आता दोघांनाही लेखी माहीत झालं, आता त्यावर टपाल खर्च करायला नको.

फाळक्याला रबर लावायचं आहे. मला एकट्याला जमतं. पण तुमचे हात शिवशिवत असतील तर तेरा तारखेला, शनिवारी सकाळी मी तुम्हाला न्यायला येतो. रबर लावू आणि ओढ्यात जाऊ. पुढच्या सीटवर बसा, दार धरून ठेवा, आणि मी गाडी चालवत असताना ओरडू नका, तुम्हाला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नाही म्हणून ते किती मोठं असतं हे तुम्हाला माहीत नाही. पाना माझ्या हातात असेल. तुम्ही तो घ्यायला आलात तर मी देणार नाही. वाईट वाटून घ्यायचं असेल तर ते आधीच घेऊन ठेवा, म्हणजे शनिवार मोकळा राहील.

यायचं नसेल तर तसं कळवा. पण मला कळवा. तिला नाही.

तुमचा मुलगा